खांद्यावरचा डावा हात

सामना सुरू होण्याआधी मास्तर समोरच्या संघाच्या रांगेपुढून चालत जायचा आणि अकराही जणांशी हात मिळवायचा. लोकांना त्याचं फार कौतुक. "आदमी हो तो ऐसा," असं शेठ लोक खुर्चीत रेलून म्हणायचे. तो मेला तेव्हा गोंदियात शोकसभा झाली. त्याच्या जुन्या खेळाडूंपैकी धंद्यात नाव काढलेला मीच, म्हणून फोटोला हार घालायला मला बोलावलं होतं. बोलवायला आलेल्या दोघांना मी दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवलं. माझा आवाज चढला, शेजारचे दुकानदार बाहेर आले. बोलवायला आलेल्यांतला एक जण जाता जाता म्हणाला, "ज्यानं घडवलं त्याच्यावर एवढा राग बरा नाही."

मला कोणी घडवलं ते मला माहीत आहे. राग का आहे तेही माहीत आहे. पण ते पायरीवर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

मी तिरोड्याकडच्या खेड्यातून आलो आणि तांदळाच्या एका गिरणीत पोती वाहायला लागलो. त्या काळी गिरणीवाले, लाखेचे कारखानदार, सगळ्यांनी आपापला फुटबॉलचा संघ ठेवला होता. हिवाळ्यात धान कापून झालं की सामने सुरू होत. जो जिंके त्याच्या गादीमागे वर्षभर ढाल टांगलेली राही, आणि एवढ्यासाठी ही मोठी माणसं एकमेकांचं तोंड बघत नसत. कागदावर आम्ही खेळाडू नव्हतो. कोणी हमाल, कोणी भट्टीवाला, कोणी पहारेकरी. पण कामावर घेताना आमचे पाय बघून घेत, आणि पाय गेले की काम जाई. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं.

मास्तर आमच्या संघाला शिकवायचा. पलटणीतून सुटून आलेला, ताठ, मिशा कातरलेल्या. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करत असे. आता करत नाही.

गिरणीमागच्या आंब्याच्या फांदीला त्यानं कोंड्यानं भरलेलं पोतं टांगलं होतं, बरोबर गुडघ्याच्या उंचीवर. बाकीचे चेंडू खेळत, मी तासभर त्या पोत्याला टाच मारत असे. आम्ही अनवाणीच खेळायचो. हमालाची टाच म्हणजे दगड. मास्तर शेजारी उभा राहून हळू आवाजात सांगायचा, "ज्या पायावर वजन असेल, त्याच पायावर. उचललेला पाय मोडत नाही, वाकतो. आणि नजर चेंडूवर ठेव. चेंडूकडे बघणाऱ्याला पंच दोष देत नाही."

"आणि कोणाला मारायचं?" मी पहिल्यांदा विचारलं.

"मी हात मिळवताना बघत जा. ज्याच्या खांद्यावर माझा डावा हात पडेल, तो."

मी लगेच हो म्हणालो नाही. तसा माझा स्वभाव नाही. मी विचारलं, "मला काय मिळेल?"

"काट्यावरची जागा. कायमची."

काट्यावर बसायचं म्हणजे पोतं उचलायचं नाही, ते तोलायचं. सावलीत स्टुलावर बसायचं. पन्नाशीनंतरही ते काम करता येतं. पोती वाहणारा पन्नाशीपर्यंत टिकलेला मी पाहिला नव्हता.

"लिहून द्या," मी म्हणालो.

तो हसला. "माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"शब्द तोलता येत नाही, मास्तर."

त्यानं लिहून दिलं नाही. मग मी दुसरी मागणी केली. जागा मिळेपर्यंत मला तांदळाच्या पोत्यांवरून काढून कोंड्याच्या पोत्यांवर लावा. कोंडा हलका असतो. थोडी घासाघीस झाली, पण तेवढं मी मिळवलं. तेव्हा मला वाटलं, सौदा मी जिंकला.

पहिला माणूस जंगलपट्ट्यातला होता. एका लाकूड ठेकेदाराच्या संघातून कडेनं पळायचा, आणि पळायला लागला की चेंडू त्याच्या पायाला बांधल्यासारखा दिसे. मास्तरनं त्याचा हात हातात घेतला, हसून काहीतरी बोलला आणि डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. तो बिचारा खूश झाला. एवढा मोठा माणूस आपल्याला शाबासकी देतो आहे, असं त्याला वाटलं असणार. अर्ध्या तासानं मी त्याचा गुडघा मोडला. सुकलेलं बांबूचं कांडं पायाखाली यावं तसा आवाज झाला. पंचानं शिट्टी वाजवली नाही. मी चेंडूकडे बघत होतो.

पुढच्या वर्षी तो मला बाजारात दिसला. मोहफुलांची टोपली पुढ्यात, एक पाय सरळ लांब केलेला. त्यानं मला ओळखलं. माणसं जाऊ शकतील म्हणून पाय हातानं उचलून आत घेतला. मी दुसऱ्या रस्त्यानं जायला लागलो.

त्याच्यानंतर आणखी दोघं. तीन हिवाळे गेले. दर वेळी मी जागेचं विचारायचो, दर वेळी मास्तर म्हणायचा, "मुनीमजींच्या कानावर घातलं आहे." चौथ्या पावसाळ्यात काट्यावर मुकादमाचा साळा बसला. मी मास्तरच्या घरी गेलो, ओट्यावरची त्याची खुर्ची उचलून आपटली. तो शांतपणे म्हणाला, "तुझ्याकडे कागद आहे का?" हे त्यानं माझ्याकडूनच घेतलेलं वाक्य होतं. महिन्याभरात तो गिरणी सोडून लाखेच्या कारखान्याच्या संघाकडे गेला. तिथं त्याला राहायला घर देत होते.

त्या हिवाळ्यात ढालीचा शेवटचा सामना आमचा आणि लाखवाल्यांचा झाला.

आम्ही रांगेत उभे होतो. मास्तर दुसऱ्या टोकाकडून हात मिळवत येत होता. माझ्यापर्यंत आला. हाताला तंबाखूचा वास तोच. "काय पहिलवान, बरा आहेस ना?" म्हणाला, आणि त्याचा डावा हात वर आला आणि माझ्या खांद्यावर पडला.

लोक टाळ्या वाजवत होते. जुन्या चेल्याला विसरला नाही, असं त्यांना वाटलं. त्या अख्ख्या मैदानात त्या हाताचा अर्थ जाणणारे तिघंच. तो, मी, आणि समोरच्या रांगेतला कोणीतरी. मी तो कोणीतरी शोधला. सगळे इकडेतिकडे बघत होते, एक जण माझ्या पायांकडे बघत होता. चोरखमारा गावाकडचा गडी, माझ्याच वयाचा, रुंद छातीचा. संघात पुढे खेळायचा आणि मी मागे, म्हणजे आमची गाठ पडणारच होती.

मी कोणाला सांगणार? सांगायचं तर मला हे कसं माहीत, तेही सांगावं लागलं असतं. आणि खेळलो नाही तर गिरणीतून काढलं असतं. पाय मोडला तरी काढलंच असतं.

मध्यंतराच्या थोडं आधी कोणीतरी लाथाडलेला चेंडू मैदानाबाहेर बांधीत, धानाच्या शेतात, जाऊन पडला. धुऱ्याच्या बांधापलीकडे चिखल होता, तो काढायला वेळ लागला. आम्ही दोघं जवळजवळ उभे होतो. मी त्याच्याकडे न बघता विचारलं, "तुले का देतो म्हणला तो?"

तो बांधीकडे बघत राहिला.

"काट्यावरची जागा?"

आता त्यानं मान वळवली. "तुमाले कोणं सांगतलं?"

"मलेही तेच देत होता. तीन वर्सं देऊन राहिला होता." मी सदऱ्याचा गळा ओढून खांदा दाखवला. पोत्यांनी काळा पडलेला, गाठ आलेला. "हा काट्यावर बसणाऱ्याचा खांदा हाये का, सांग बरं?"

त्यानं खांदा नीट पाहिला. हमालच तो, त्याला ते वाचता येत होतं. "तुम्ही किती मोडले?"

"तीन."

"अन् तरी नाही देल्लं?"

"नाही देल्लं. तुले लिहून देल्लं का?"

"नाही जी." तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. "माही कंबर गेली, भाऊ. लाखेचं पोतं उचलतो तं डोळ्यापुढं अंधारी येते. फुटबॉल होते, पोतं होत नाही. काटा भेटला तं जगतो."

"मंग तुह्या कंबरेपायी मी लंगडा होऊ का बे?"

तो हसला. त्याला खरंच हसू आलं होतं. "नाही मारत, जा."

"शपथ?"

"शपथ कायले? म्हणलो ना, नाही मारत. तुम्हीच सांगून राहिले का तो देत नाही. मंग मी फुकट कायले पाप घेऊ?"

चेंडू आला. आम्ही आपापल्या जागी गेलो. सौदा करणाऱ्याला समोरच्याचा होकार खरा की खोटा हे कळतं. मला कळलं होतं. त्याचा होकार खरा होता.

पण त्यावर कागद नव्हता. मध्यंतरात मी पाणी पीत होतो. मैदानाच्या कडेला मास्तर त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होता आणि तो मान हलवत होता. नाही म्हणून हलवत होता की हो म्हणून, एवढ्या लांबून दिसलं नाही.

खेळ पुन्हा सुरू झाल्यावर एक उंच चेंडू आमच्या दोघांच्या मधे पडला. तो धावत आला, मी धावत गेलो. त्याचा उजवा पाय चेंडूकडे येत होता. चेंडूकडेच, माझ्याकडे नाही. ते मला दिसलं. डावा पाय जमिनीत रोवलेला होता, सगळं वजन त्याच्यावर. तेही दिसलं. कोणी ओरडलं नाही, कोणी खूण केली नाही. आमच्या संघाला तेव्हा कोणी शिकवणारासुद्धा नव्हता. मास्तर ओरडला असता तर बरं झालं असतं, असं मला अनेकदा वाटलं आहे. मी चेंडूकडे बघितलं आणि टाच मारली.

पहाऱ्याच्या चौकीतली खाट आणून त्याला तिच्यावर घातलं. चेहरा राखेसारखा झाला होता. खाट माझ्यासमोरून नेली तेव्हा त्यानं मला बघितलं. शिवी देईल म्हणून मी तयार होतो, शिवीला उत्तरही तयार होतं.

"म्या तं सांगतलं होतं ना, भाऊ," तो म्हणाला.

पंचानं शिट्टी वाजवली नाही. ढाल आम्ही जिंकली. शेवटी हात मिळवायला मास्तर आला तेव्हा त्याच्या तोंडावर हरल्याचं काही नव्हतं. बाजारात चांगला बैल दिसल्यावर माणूस बघतो तसा तो मला बघत होता.

तिसऱ्या दिवशी लाखेच्या कारखान्याचा चपराशी मी राहत होतो त्या खोलीवर आला. कागद होता. काट्यावरची जागा, कायम, मालकाची सही, खाली शिक्का. पुढच्या हिवाळ्यापासून संघातही खेळायचं. मी तो कागद दोनदा वाचला. मग उजेडात धरून शिक्का पाहिला. कुठं खोट नव्हती.

त्याच काट्यावर बसून मला लाख कळायला लागली. कोणता माल कुठून येतो, कोण ओला देतो, कोण खडे मिसळतो. त्यातूनच पुढे माझा धंदा उभा राहिला, आणि तो मी उभा केला, मास्तरनं नाही. त्यानं मला तीन वर्षं फसवलं, आणि मग माझ्यावरच माणूस सोडला. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि त्याच्या फोटोला हार घालणार नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी सकाळी मी स्टुलावर बसलो तेव्हा पहिलं पोतं घेऊन आलेला हमाल चोरखमाऱ्याकडचाच, त्या पाय मोडलेल्या गड्याच्या गावचा होता. त्यानं पोतं काट्यावर ठेवलं, पण सोडलं नाही.

"ही जागा तं त्याची होती ना?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "त्याला लिहून दिली होती का?"

त्यानं हात काढून घेतला. मी वजन बघितलं.