गाडी बसते ना?

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, लिफ्ट बसवतात. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही केलं नाही आणि दुसऱ्या कशावर त्यांना चार वाक्यं बोलताही येत नाहीत. कोणाकडे जेवायला बोलावलं तरी हा माणूस आधी जिन्याकडे बघणार, मनातल्या मनात माप घेणार आणि मग हात धुवायला जाणार. त्यांच्या धंद्यात तयार माल म्हणून काही नसतंच. कोणाला अरुंद लिफ्ट हवी, कोणाला दोन बाजूंनी दारं हवीत, कोणाला आत बसायला फळी हवी. दाजी 'होईल' म्हणतात आणि करून देतात. लिफ्टची फरशी मजल्याच्या फरशीशी तंतोतंत जुळली, पाय अडखळणार नाही अशी, की ते आणि त्यांची माणसं म्हणतात, 'बसली.' खाली आली म्हणत नाहीत, टेकली म्हणत नाहीत. बसली! आणि याच एका शब्दाने आमचा घात केला.

ताई शाळेत पीटी शिकवायची. नाकावर माशी बसू देणार नाही अशी बाई. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजवायची वेळ क्वचितच यायची, कारण तिच्या नुसत्या आवाजाने मैदानाच्या दुसऱ्या टोकाची पोरं जागच्या जागी उभी राहायची. एके दिवशी ती स्वयंपाकघरात कोसळली आणि तिची डावी बाजू गेली. आवाज बसला तो कायमचाच. मग चाकाची खुर्ची आली. उजवा हात शाबूत होता, त्यावर जोर देऊन ती खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत आपली आपण सरकायची. कोणी मदतीला पुढे झालं की डोळे वटारायची. फक्त जिथे सरकायचं ती जागा खुर्चीच्या उंचीची लागायची.

हॉस्पिटलमधून तिला घरी आणलं त्या दिवशी घरात लिफ्ट नव्हती. दुसऱ्यांच्या घरी लिफ्ट बसवणारा माणूस स्वतः जिने चढत होता, आता काय बोलणार! दोन वॉर्डबॉयनी ताईला खांद्यापायांना धरून वर नेलं. जिन्याच्या वळणावर तिचा गाऊन मांडीच्या वर सरकला, आणि तो खाली ओढायचा तर तिचा एकुलता एक चालता हात त्यांच्यातल्या एकाने धरून ठेवलेला. खाली शेजारीपाजारी उभे होते. तिच्या शाळेतल्या दोन मुली फुलं घेऊन आल्या होत्या, त्याही बघत होत्या. आत आल्यावर ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "यापुढे मला कोणी उचलायचं नाही. मेल्यावर काय ते उचला." दाजींनी त्यानंतर जेवणखाण सोडून घरात लिफ्ट बसवली. ती झकास बसली. ताई अंगणापर्यंत यायला लागली. त्याच्या पुढे नाही.

पुढे जायचं होतं माझ्या घरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला. कारण आमची आई माझ्याकडे होती आणि ती अंथरुणाला खिळलेली. तिची नजर गेली होती, कानही जेमतेम. फोन कानाला लावला तरी ताईचा तो फाटका आवाज तिला ओळखू यायचा नाही. "ही कोण बाई?" असं म्हणायची. आईला माणूस कळायचं ते हातावरून. माझा हात हातात घेतला की म्हणायची, "तू धाकटी. थोरली कुठाय?" डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय, त्यांना कुठे हलवू नका, भेटायचं त्यांना भेटून घेऊ द्या. आईला ताईचा हात हवा होता. एवढीच गोष्ट होती, आणि ती जमेना.

टॅक्सी करून पाहिली, ती इतकी बुटकी की ताई आत घसरली असती, पण बाहेर कशी निघणार? फळी लावून खुर्चीसकट आत ढकलायची व्हॅन बघितली. ताई म्हणाली, "कपाट हलवताय का?" विषय संपला. तिला पुढच्या सीटवर, दाजींच्या शेजारी, माणसासारखं बसून जायचं होतं. मी तिला फोनवर झापलं, "अगं, मान कसला धरून बसलीस, आई जायला टेकलीय!" तिने फोन ठेवून दिला. मग दाजींनी ठरवलं की मोठी, भारीतली गाडी घ्यायची. पैशाला कमी नव्हतं. त्यांना वाटलं, एवढी किंमत मोजल्यावर मागू ते मिळणार.

शोरूममध्ये मी सोबत गेले होते. काचेच्या भिंती, आरसा असावा अशी फरशी, आणि गळ्यात निळा टाय घातलेला एक गोड बोलणारा विक्रेता. मी मनात त्याचं नाव टायवाला ठेवलं. त्याने कॉफी दिली आणि सुरू झाला. गाडीच्या आत चौसष्ट रंगांचे दिवे लागतात म्हणे. छत काचेचं. थंड पाण्याच्या बाटलीला वेगळा कप्पा. दाजी टेप हातात घेऊन उभे होते.

"मला दोनच गोष्टी हव्यात," दाजी म्हणाले. "गाडी दाराशी खाली झाली पाहिजे, खुर्चीच्या उंचीपर्यंत. आणि पुढची सीट दाराकडे वळली पाहिजे. तिचा डावा पाय दुमडत नाही."

"दोन्ही आहे सर!" टायवाला म्हणाला. दाजींचा चेहरा उजळला.

त्याने वरच्या व्हेरियंटचं दार उघडलं, बटण दाबलं, आणि ते धूड सुस्कारा टाकून हळूच खाली झालं. दाजी उकिडवे बसले, टेप लावला आणि खुर्चीत ताई असती तिथे हात धरला. "बसली!" ते म्हणाले. टायवाला नुसता हसला. त्याच्या भाषेत त्याला 'लोअर होणं' म्हणतात.

"आता सीट फिरवून दाखवा."

"ती यात येत नाही सर. फिरणारी सीट मधल्या व्हेरियंटला बसवून मिळते. याच्या सीटमध्ये मसाजचं मशीन आहे."

"काढा ते मशीन."

"पॅकेजमध्ये आहे सर."

"मशीनचे पैसे ठेवून घ्या आणि मशीनही तुम्हीच ठेवा. साधी फिरणारी सीट द्या."

"तसं कॉम्बिनेशन येत नाही."

"मग त्या मधल्या गाडीला हे खाली होणारं लावून द्या."

"बाहेरच्या देशांत ऑप्शन आहे सर. आपल्याकडे... विचारून सांगतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, चौसष्ट रंगांचे दिवे येतात आणि एक सीट येत नाही? एका दुकानात डावी चप्पल आणि दुसऱ्यात उजवी, असं कुठे असतं का?" टायवाल्याने मला आणखी कॉफी विचारली. आयुष्यभर 'होईल' म्हणणाऱ्या दाजींना 'येत नाही' म्हणजे काय तेच कळत नव्हतं. घरी येताना एकदाच म्हणाले, "येत नाही म्हणजे? माणसंच करतात ना या गाड्या?"

पुढचे दिवस फोनाफोनीत गेले. उद्या सांगतो, वरून निरोप आला की सांगतो. मधेच शोरूमने दाजींच्या घरच्या पार्किंगच्या दोन खांबांमधलं अंतर मागवलं, कारण गाडी दांडगी. दाजींनी ते लगेच कळवलं. दुसऱ्या दिवशी ते आईला बघायला माझ्याकडे आले होते, तेव्हा टायवाल्याचा फोन आला. दाजींनी स्पीकर लावला, आईलाही ऐकू जावं म्हणून.

"काय झालं? मधली गाडी बसते ना?" दाजींनी विचारलं.

"बसते सर! आरामात बसते."

"नक्की?"

"मी स्वतः माप घेतलंय सर."

माप म्हटल्यावर दाजी विरघळलेच. माप घेणारा माणूस खोटं बोलेल असं त्यांच्या स्वप्नातही येत नाही. तिथेच त्यांनी गाडी पक्की केली, फिरणारी सीट बसवून. मी आईच्या कानाशी ओरडून सांगितलं, "ताईसाठी गाडी घेतली! ती येणार!" आईने दोन्ही हात हवेत धरले, जशी काही ताई दारातच आहे. आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी एकच पालुपद सुरू झालं, "बसली का ती गाडीत?" मी म्हणायची, "बसेल हं." आठवडे उलटले, गाडी येईना. आई दर दिवसाला थोडी थोडी आटत होती आणि तरी विचारायची, "बसली का ती?"

गाडी आली त्या सकाळी मी मुद्दाम ताईकडे गेले. ताईने केस विंचरून घेतले होते, शाळेत घालायची ते घड्याळ घातलं होतं. लिफ्टने खाली आली, खुर्ची स्वतः ढकलत गाडीपाशी गेली. दाजींनी दार उघडलं, सीट बाहेर वळवली. सुंदर वळली. पण ती ताईच्या छातीशी होती. दाजींनी एक बटण दाबलं, काच खाली झाली. दुसरं दाबलं, निळे दिवे लागले. मग जांभळे. सगळी बटणं झाली. गाडी ढिम्म हलली नाही.

त्यांनी फोन लावला. "बसत नाहीये," ते म्हणाले.

"असं कसं सर?" पलीकडून आवाज आला. "दोन्ही खांबांपासून जागा उरते. मी स्वतः गाडीचं माप घेतलं होतं."

मी कपाळाला हात लावला. दाजींनी लिफ्टच्या भाषेत विचारलं होतं आणि त्याने पार्किंगच्या भाषेत उत्तर दिलं होतं. दोघांपैकी खोटं कोणीच बोललं नव्हतं. त्या मेल्याला मी फोनवर नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, "मॅडम, मधल्याला लोअरिंग येतच नाही. मी सरांना सांगणारच होतो, पण सरांनी विचारलंच नाही." मी फोन आपटायला गेले, दाजींनी तो हातातून काढून घेतला.

ते ताईसमोर गुडघ्यावर बसले. "मी एकटाच उचलतो. एकदाच. कोणी बघत नाहीये."

ताईने आजूबाजूला पाहिलं. शेजारचे गॅलरीत होतेच, नवी गाडी बघायला. तिने मान हलवली आणि खुर्ची वळवली. "बयो, हट्ट सोड गं, आई तिकडे..." मी तिच्या मागे धावत म्हणाले. तिने मागे न बघता उजवा हात वर केला, मैदानावर पोरांना थांबवायची तसा. मी थांबले. त्या क्षणी मला तिचा भयंकर राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

दाजींनी दुसऱ्याच दिवशी आपल्या कारखान्यात पाट करायला घेतला, खुर्चीसकट माणसाला सीटच्या उंचीला नेणारा. दोन लागणार होते, एक त्यांच्या अंगणात आणि एक माझ्या इमारतीच्या दाराशी. दुसरी सगळी कामं त्यांनी माणसांवर सोडली. मला म्हणाले, "मूर्ख मी. हे आधीच करायला हवं होतं. पैसे टाकून तयार मिळेल असं वाटलं." पहिला पाट त्यांच्या अंगणात बसवून झाला. दुसऱ्याचे नुसते पाय उभे राहिले होते.

त्या सकाळी मी आईचा चहा निवत ठेवून तिचं तोंड पुसायला गेले, तर ती गेलेली होती. रात्री झोपताना विचारलंन होतं, "बसली का ती?" मी कंटाळून म्हटलं होतं, "झोप आता."

मी दाजींना फोन केला आणि खिडकीत उभी राहिले. बऱ्याच वेळाने ती काळी, भली मोठी गाडी फाटकातून आत आली. पुढच्या सीटवर ताई होती. ताठ बसलेली. दाजींनी उतरून खुर्ची उघडली, तिचं दार उघडलं आणि सीट वळवली. तिचे पाय त्यांनी चादरीत घट्ट गुंडाळून आणले होते. ताईने चालता हात त्यांच्या गळ्यात टाकला आणि त्यांनी तिला उचललं. वॉचमन मदतीला पुढे झाला तर त्यांनी त्याला खांद्यानेच दूर सारलं. सगळी इमारत बघत होती. ताईने कोणाकडे पाहिलं नाही, पण नजर खालीही घातली नाही.

आमच्या इमारतीतली लिफ्ट दाजींचीच. ती बसली आणि ताई वर आली.

तिने खुर्ची आईच्या पलंगाला भिडवली. दोन्हींची उंची बरोबर जुळत होती. आईचा हात आपल्या हातात घेऊन ती तो चोळत राहिली, ऊब यावी म्हणून चोळतात तसा. बोटं वळत नव्हती. बऱ्याच वेळाने तिने मला विचारलं, "रोज काय म्हणायची?"

मी आईचं पांघरूण सारखं करायला लागले. दाजी दारातच भिंतीला टेकून उभे होते, धाप अजून बसली नव्हती. तेच म्हणाले, "बसली का ती गाडीत, असं विचारायच्या."

ताई पुढे वाकली. आईच्या कानाला तोंड लावून, होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाली, "बसले गं."