मॅडम गाडीत थांबल्या

वैद्य मॅडमची आणि माझी पहिली भेट २००३ साली शिकागोच्या विमानतळावर झाली. मी त्यांच्याकडे पीएचडी करायला आलो होतो, आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या नामांकित प्राध्यापिका मला काय विचारणार या धास्तीत मी होतो. त्यांनी विचारलं, "लोणच्याची बरणी फुटली नाही ना रे?"

नव्या मुलाला विमानतळावरून आणायचं, गादी, कुकर आणि परीक्षेचे जुने पेपर द्यायचे, ही आम्हा भारतीय मुलांची पद्धत. त्याच आठवड्यात टेरेन्स अलाबामाहून बसने आमच्याच, म्हणजे मॅडमच्या, लॅबमध्ये आला. विभागात पीएचडी करणारा तो एकटाच कृष्णवर्णीय. त्याला आणायला कोणी गेलं नाही. तो इथलाच, त्याला काय कमी, असंच आम्हाला वाटलं! चिनी मुलं चिन्यांबरोबर अभ्यास करायची, आम्ही आमच्यात, गोरी मुलं त्यांच्यात. दारावरचा गार्ड ओळखपत्र मागायचा, तेही फक्त टेरेन्सकडे.

दुसऱ्या वर्षी त्याने मॅडमना सांगितलं, "मी सोडून जातोय." मार्क उत्तम होते. "मी आठवडाभर बोललो नाही तरी इथे कोणाला पत्ता लागत नाही," म्हणाला. मॅडमनी त्याच्याकडून सेमिस्टर संपेपर्यंतची मुदत मागून घेतली.

गार्डच्या प्रकरणावरून त्या विभागप्रमुखांशी कडाडून भांडल्या आणि टेरेन्सला शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आपल्या घरी गणपतीला बोलावलं. त्याने मोदक आवडीने खाल्ले. तेवढ्यात एका काकांनी विचारलं, "बास्केटबॉल खेळतोस का?" पाहुणे गेल्यावर मॅडम भांडी आदळत म्हणाल्या, "फुसका बार! एकटेपणा घालवायला बोलावलं, आणि इथेही तो एकटाच."

मग त्यांनी फोन फिरवले. दोन तासांवरच्या एका विद्यापीठात कृष्णवर्णीय संशोधक विद्यार्थी महिन्यातून एकदा जमत. ऐन बर्फात आम्ही तिघं निघालो. मॅडम बर्फात ड्राइव्ह करत नाहीत, म्हणून स्टिअरिंगवर मी. पोचल्यावर मीही उतरायला लागलो, तर मॅडमनी बाही धरली. "बस खाली. आपण आत गेलो की ती मुलं जपून बोलणार. आपलं काम दारापर्यंत." मग हीटर लावून त्या गाडीतच पेपर तपासत बसल्या. हीटर असूनही माझे पाय गारठले, पण बोलायची सोय नव्हती.

टेरेन्स अंधार पडल्यावर बाहेर आला, आणि ज्याच्या तोंडून मी कधी पुरतं वाक्य ऐकलं नव्हतं, तो वाटभर थांबेचना. "तिथे एकीला तिच्याच लॅबच्या दारात अडवतात, मॅडम! मला वाटायचं, माझंच डोकं फिरलंय." उतरताना म्हणाला, "मी सोडत नाही." मॅडम "बरं" एवढंच म्हणाल्या. दार लागल्यावर मात्र रडल्या. मलाही राहवलं नाही.

टेरेन्स २००८ मध्ये डॉक्टर झाला. "तो त्याच्या बुद्धीने झाला, माझ्यामुळे नाही," हे मॅडम आजही ठणकावून सांगतात.

मॅडम, पंच्याहत्तरी पूर्ण झाली, आता गुडघ्यांकडे बघा, साखर आवरा आणि खूप खूप जगा. टेरेन्स आता स्वतः प्राध्यापक आहे, आणि त्याची पहिली पीएचडीची विद्यार्थिनी पुढच्या वर्षी प्रबंध मांडते आहे. त्याने निरोप दिलाय, तुमची खुर्ची आत आहे, पहिल्या रांगेत.