वडिलांच्या गल्लीचा स्पीड

सगळे त्याला 'मीटर' म्हणत. मोबाइल कंपनीसाठी गल्लोगल्ली गाडी फिरवायची, पुढच्या काचेपाशी चाचणीचा फोन लावायचा, त्यावर एक ठरलेली फाइल उतरवायची आणि किती सेकंद लागले ते लॅपटॉपवर नोंदवायचं, हे त्याचं काम. डोळ्यांत तेल घालून करायचा. रेंजबद्दल कुणी कुरकुरलं की छाती काढून म्हणायचा, "आकडे दाखवू?"

आज मात्र गड्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. टेकडीमागच्या गल्लीत वडील एकटेच राहत. त्यांचा फोन एरवीही दहादा लावावा तेव्हा एकदा लागायचा, पण आज सकाळपासून नावच नाही. मन चिंती ते वैरी न चिंती! स्वतःची समजूत घालायला त्याने त्या गल्लीच्या नोंदी उघडल्या. स्पीड नेहमीसारखाच झकास. म्हणजे बाबांनीच काहीतरी भलतं बटण दाबलं असणार, असं म्हणेपर्यंत त्याची नजर शेवटच्या रकान्यावर गेली. तिथे लिहिलं होतं: वायफाय.

अरे देवा! सगळं शहर चालत्या गाडीतून मोजणारा हा, बापाची गल्ली तेवढी बापाच्याच घरात बसून, चहा पिता पिता मोजायचा. सहा महिन्यांपूर्वी शेजारच्या मास्तरीणबाईंचं वायफाय त्याने त्या फोनवर घेतलं आणि बंद करायचं विसरला. तेव्हापासून फोन दर वेळी आपणहून तेच पकडत होता, आणि आकडे कंपनीच्या रेंजचे नाही, बाईंच्या वायफायचे येत होते. आणि बाबांनी तक्रार केली की हा शहाणा त्यांनाच झापायचा, "रेंज उत्तम आहे, तुम्हालाच फोन लावता येत नाही."

गाडी कशी हाकली ते त्याचं त्यालाच ठाऊक. बाबा खुर्चीत बसले होते. मनगट टम्म सुजलेलं, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं.

"न्हाणीत घसरलो सकाळी," ते म्हणाले. "तुला चार वेळा लावला, लागेना."

"मग शेजारच्या बाईंना हाक मारायची ना!"

"काय सांगू त्यांना? साधा फोन लावता येत नाही म्हणून?"

त्याला रडूच आलं. "बाबा, इथे रेंजच नाही. मीच चुकीचं मोजलं, सहा महिने."

रागावतील, चार शब्द सुनावतील, असं त्याला वाटलं. म्हातारा मात्र खुर्चीत पुढे सरकला.

"म्हणजे मला येतो फोन लावता?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं, माझं डोकंच चालेनासं झालंय. भीतीनं झोप उडाली होती रे."