लाल रेघेचे भाऊसाहेब

तमाम नागरिक बंधू-भगिनींना या जाहीर सूचनेद्वारे कळविण्यात येते की, आमच्या नगर परिषदेचे निवृत्त सभा लिपिक श्री. सोनकांबळे भाऊसाहेब यांनी या जगाच्या सभेतून कायमची रजा घेतली आहे. सदर रजा मंजूर करण्यापूर्वी कोणाचीही हरकत मागविण्यात आलेली नाही. तरी ज्यांची हरकत असेल त्यांनी ती लेखी, दोन प्रतींत, आवक टेबलावर द्यावी व पोच घ्यावी… माझी हरकत आहे. पण पोच कोण देणार? आमच्या कचेरीत मागितल्याशिवाय पोच देणारा एकच माणूस होता, आणि तोच गेला.

खबर आली तेव्हा मी लोह्याला एका लग्नाच्या मंडपात शिडीवर होतो. माझा धंदाच मंडपाचा. खिशातला फोन वाजला, नांदेडहून भाऊसाहेबांची मुलगी संघमित्रा बोलत होती. निवृत्तीनंतर ते तिच्याकडेच राहायचे. "काका, बाबा गेले. सकाळी पेपर वाचता वाचता." मी "हां" म्हणालो आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर मान वर करून बघितलं. डोक्यावर बांबू नीट बांधलेला आहे ना, दोरी सुटली नाही ना. मग खाली उतरलो आणि मग रडलो. वाईट काही ऐकलं की आधी डोक्यावर काय आहे ते तपासायचं, ही सवय मला त्यांनीच लावली. पाच आठवडे झाले, अजून जात नाही.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या गावातला सर्वात भित्रा माणूस. हे मी आदरानं सांगतोय. पंख्याखाली ते बसायचे नाहीत. सभागृहात त्यांची खुर्ची दोन पंख्यांच्या बरोब्बर मध्ये, जिथे वारा येत नाही आणि पंखा पडलाच तर लागत नाही अशा जागी. रस्त्यानं चालताना वाढदिवसाच्या फलकांपासून दहा हात लांब. अंगानं काटकुळे, खिशाला दोन पेनं. निळं पेन सभेचं इतिवृत्त लिहायला, म्हणजे सभेत काय बोलणं झालं आणि काय ठरलं त्याची नोंद करायला. लाल पेन रेघेला. एक ठराव लिहून संपला की पानावर जेवढी जागा उरेल तिच्यावर तिरपी लाल रेघ. दोन बोटं जागा असली तरी रेघ. मी एकदा विचारलं, "भाऊसाहेब, एवढी शाई कामून घालवता?" तर म्हणाले, "मोकळी जागा दिसली की मला भेव वाटतं, अप्पा. माणसं तिथं मागाहून कायबी पेरतात."

मी एक टर्म नगरसेवक होतो. उदगीरकडून लातूरला जाताना आमचं गाव लागतं, आणि गावात शिरताना सगळ्यात आधी दिसायची ती माझ्या वॉर्डातली पाण्याची टाकी. आठ उंच खांबांवर उभी, माझ्या घराच्या बरोब्बर समोर. तिच्या सावलीत भाजीबाजार भरायचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात सावली म्हणजे काय चीज असते हे पुण्याच्या माणसाला सांगून कळणार नाही. सावली जशी सरकेल तशा पंधरा-वीस बाया पोत्यासकट सरकायच्या. त्यांची म्होरकी पारूमावशी. भाऊसाहेब रोज तिच्याकडून कोथिंबीर घ्यायचे, पण सावलीत पाऊल टाकायचे नाहीत. भर उन्हात उभे राहून हात लांब करायचे. "मावशी, एक जुडी फेका." मावशी फेकायची आणि म्हणायची, "या की आत, भाऊसाब. सावलीला काय दात हायत का?" सगळा बाजार हसायचा. मीही हसायचो. मोठ्यानं हसायचो, कारण गणपतीच्या नाटकात वीस वर्षं राक्षसाचं काम केल्यामुळे माझं हसणं तसंच आहे.

आता आमच्या सभेचा रिवाज सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच झाला. कायद्यानं प्रत्येक ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. आमच्याकडे सभेत कुणी काही सुचवायचं नाही. भज्यांच्या प्लेटा आल्या की विषय क्रमांक नऊ ते एकवीस एका दमात मंजूर व्हायचे. मग भाऊसाहेब मागून सदस्यांची नावं पाळीनं टाकायचे, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. आणि मी? मी एकदा त्यांच्या टेबलावर जाऊन तक्रार केली होती की, माझं नाव फार कमी वेळा येतं. खरंच केली होती. नाव छापून आलेलं मला आवडायचं. भाऊसाहेबांनी ती तक्रारही नोंदवून घेतली असणार.

एका दुपारी ते माझ्या गोडाऊनमध्ये आले. मी कनातीच्या घड्या घालत होतो. त्यांनी इतिवृत्ताच्या वहीची प्रत माझ्यापुढे धरली. "अप्पा, विषय चौदाला तुमची पाळी होती. तुम्ही सूचक आहात."

"कशाचा?"

"टाकी सुस्थितीत असून ती पूर्ण क्षमतेने भरण्यात यावी."

तोवर टाकी निम्मीच भरायची असा जुना रिवाज होता. का, ते कुणी विचारत नव्हतं. पण गावाला आठ दिवसांआड पाणी, आणि आमच्या नगराध्यक्षांनी, त्यांना सगळे मालक म्हणायचे, चार दिवसांआड देण्याचा शब्द दिला होता. त्यात वाईट काय, असं मला वाटलं. भाऊसाहेब म्हणाले, "चला, दाखवतो."

त्या दिवशी ते पहिल्यांदा सावलीत शिरले. मला अजून आठवतं, मान खाली घालून, खांदे आवळून, पावसात पळतात तसे. मागच्या एका खांबापाशी नेलं. खांबाला उभी चीर. चिरेवर कागदाच्या चार पट्ट्या डिंकानं आडव्या चिकटवलेल्या, प्रत्येकीवर लाल शाईनं तारीख आणि कचेरीचा आवक शिक्का. "चीर थांबली असती तर कागद शाबूत राहिला असता," ते म्हणाले. चारही पट्ट्या मधोमध फाटल्या होत्या. सगळ्यात नवी मागच्याच आठवड्यातली. तेवढ्यात वरून सिमेंटचा एक पोपडा सुटला आणि पारूमावशीच्या कोथिंबिरीत पडला. तिनं तो उचलून मागं टाकला, माशी हाकलावी तसा. "रोजचंच हाय," म्हणाली.

उपअभियंत्यांनी लेखी दिलं होतं की निम्म्यावर भरू नका. ते पत्र बासनात गेलं आणि मालकांनी ठराव तोंडी सांगितला. "लिहिला मीच," भाऊसाहेब म्हणाले. "हात माझाच. नोकरीची दोन वर्षं राहिलीत माझी." मग आवाज आणखी बारीक करून म्हणाले, "पण ठरावात मी 'उपअभियंत्याच्या पत्रास अनुसरून' असं घातलंय, आणि पत्र खाली शब्द न शब्द उतरवून घेतलंय. मालकांनी न वाचता सही केली. आता पुढच्या सभेत विषय क्रमांक एक असतो, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. ते एकदा कायम झालं की टाकी भरणार. त्याच्या आधी कुण्याबी सदस्यानं उठून दोन शब्द म्हणायचे… वाचून दाखवा. बाकीचं मी वाचतो."

दोन शब्द. मी हो म्हणालो आणि त्या क्षणापासून मला भीती वाटायला लागली. सकाळी दहाला पंप सुरू व्हायचा, टाकीत पाणी पडायचा आवाज यायचा, आणि मी घास हातात धरून तो आवाज थांबायची वाट बघायचो. बायको म्हणायची, जेवा की. खिडकीतून बाया दिसायच्या. कुणी भेंडी निवडतंय, कुणी पोत्यावर आडवं झालंय. मी डोळ्यांनी खांब मोजायचो. आठ. पुन्हा मोजायचो. जणू एखादा मधल्या मध्ये निघून जाईल.

सभेच्या दोन दिवस आधी मालक स्वतः गोडाऊनवर आले. चहा घेतला. कनातीवरून हात फिरवला. "भाऊसाहेब आला होता म्हणं तुमच्याकडं."

"हाव. सहजच."

"गाव पाण्यावाचून बेजार हाय, अप्पा. तुमच्या वॉर्डातबी बाया घागरी घेऊन भांडतात. आडवं कुणी आलं तर लोक सोडणार न्हाईत." मग बांबूंच्या ढिगाकडे बघून म्हणाले, "तुमचं काम लई नाजूक. एखादी दोरी सुटली, मंडप बसला, तर लोक वाऱ्याला न्हाई धरत. मंडपवाल्याला धरतात." कप खाली ठेवून गेले. एकदाही आवाज चढवला नाही. मी आतून कडी लावली. दिवसाढवळ्या, स्वतःच्या गोडाऊनला.

संध्याकाळी भाऊसाहेबांच्या घरी गेलो. म्हटलं, माझ्यानं होणार नाही, लेकरंबाळं आहेत, धंदा आहे. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. निम्मं पाणी माझ्या धोतरावर सांडलं. "माझंबी तेच हाय, अप्पा," ते म्हणाले. "सकाळपासून तीनदा ओकलो." मग आम्ही दोघे समोरासमोर बसलो. गावातले दोन भित्रे. निघताना ते इतकंच म्हणाले, "मावशीला, बाजारातल्या बायांना घेऊन, सभेला बोलावलंय. वर सज्जात बसायला परवानगी लागत न्हाई."

सभा. मालकांनी घसा साफ केला. "विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. मंजूर…" आणि बाकं नेहमीसारखी "मंजूर, मंजूर" म्हणणार, एवढ्यात मी उठलो. म्हणजे गुडघे उठले, बाकीचा मी मागून आलो. ज्या गळ्यानं वीस वर्षं गाव घाबरवलं, त्यातून खराब माइकसारखी शिट्टी निघाली. "वाचून दाखवा."

"काय?" मालक म्हणाले.

"वाचून… दाखवा."

"अप्पा, आजवर कुणी वाचलंय का ते? जेवायची वेळ होईल."

पण भाऊसाहेब आधीच उभे होते. चष्मा चढवला आणि एकापासून सुरुवात केली. गटारी, पथदिवे, कोंडवाडा, सगळं एका सुरात. लोक जांभया देत होते. चौदा आला. ठराव वाचला. माझं नाव वाचलं. आणि श्वास न घेता पत्रावर गेले… खांबांना गेलेल्या चिरा दिवसेंदिवस वाढत आहेत, टाकी निम्म्यापेक्षा जास्त भरल्यास कोसळण्याचा संभव आहे, टाकीखाली माणसांचा वावर तात्काळ बंद करावा. सूर तोच, गटारीचाच. फक्त कागद हलत होता. सभागृहात दोन्ही पंख्यांची कुरकुर वेगवेगळी ऐकू यायला लागली.

"हे कुणी लिहिलं?" मालकांनी विचारलं.

"सही आपली आहे, साहेब."

वर सज्जात खुर्च्या सरकल्या. बाया उठल्या आणि जिन्यानं खाली गेल्या. अर्ध्या तासात बाजार रस्त्याच्या पलीकडे, उन्हात गेला. टाकी त्याच दिवशी रिकामी केली.

त्या वर्षी आमच्या वॉर्डात दोनच गोष्टी पाडल्या गेल्या. निवडणुकीत मी आणि नंतर टाकी. पाणी आठाचं दहा दिवसांवर गेलं आणि लोकांनी माझ्या दाराशी घागरी आपटल्या, तेही सांगायला हवं. टाकी पाडायला मशीन लावलं तर पहिल्या धक्क्याला मागचा खांब, तोच, भाकरीसारखा मोडला. मशीनवाला खाली उतरून दूर जाऊन बसला, बराच वेळ परत चढेना. भाऊसाहेबांची बदली जन्म-मृत्यूच्या टेबलावर झाली. तिथेही दोन नोंदींच्या मध्ये ते लाल रेघ मारत राहिले. पारूमावशी मात्र त्यांच्यावर रुसली होती. "सावली खाल्ली तुमी आमची," म्हणायची आणि जुडी जरा मोठीच फेकायची. आता सगळीकडे सारखंच ऊन होतं, तरी ते पूर्वीच्याच जागी उभे राहून हात लांब करायचे. जवळ का येत नाहीत, विचारलं तर म्हणायचे, "पायाला सवय झालीय."

मागच्या आठवड्यात सभा होती. पहिला विषय त्यांच्या शोकप्रस्तावाचा. मी बऱ्याच वर्षांनी त्या सभागृहात गेलो, वर सज्जात बसलो. खाली त्यांची खुर्ची अजून त्याच जागी, दोन पंख्यांच्या मध्ये. तिच्यावर नवा लिपिक बसला होता, खिशाला एकच पेन. माझ्या शेजारी पारूमावशी, पदरात कोथिंबिरीची जुडी, का आणली ते तिलाही सांगता येत नव्हतं. सगळे उभे राहिले. दोन मिनिटं. मी त्या खुर्चीकडे बघत होतो. मग खुर्च्या वाजल्या, भज्यांचा वास आला, अध्यक्ष बसता बसता म्हणाले, "शोकप्रस्ताव सर्वानुमते मंजूर. विषय क्रमांक दोन…" आणि माझ्या शेजारून, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं, मावशी बोलून गेली,

"मंजूर कसं काय? आधी वाचून दाखवा की."