कपाटावरचं सीलबंद खोकं

भिंगवाल्यांना खोकं दाखवायला भलेभले कचरायचे. रिमोटवर चालणाऱ्या जुन्या खेळण्यातल्या मोटारींचे संच जमवणारी मंडळी मोठ्या ऐटीत त्यांच्याकडे यायची आणि एवढंसं तोंड करून परत जायची. हे संच म्हणजे सुट्या भागांनी भरलेलं खोकं. मोटार घरी बसून आपणच जोडायची. पण जमवणारे लोक जोडत नाहीत. जोडली की ती नुसती मोटार, न जोडता ठेवली की मोलाचा ठेवा. या उफराट्या हिशोबात भिंगवाल्यांचा शब्द शेवटचा असायचा.

बेअरिंगच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी माल नापास करण्यात गेली. नखाने चाचपून ते सांगायचे, घासलाय, टाका बाजूला. खिशात सदा भिंग असायचं, म्हणून हे नाव. तीच नजर त्यांनी खोक्यांना लावली, आणि खरं सांगायचं तर घरच्या माणसांनाही लावली. मुलीचं अक्षर, बायकोची आमटी, पाहुण्यांचे बूट, काही म्हणजे काही त्यांच्या तपासणीतून सुटलं नाही.

खोकं आलं की आधी झाकणावरचा रंग बघायचे, उन्हात ठेवलंय का ते. मग चारी कोपरे. मग वरच्या पारदर्शक प्लॅस्टिकची शिवण, म्हणजे कडा वितळवून चिकटवल्याची रेघ. शेवटी खोकं कानाशी धरून हळूच हलवायचे. आत पिशवीतले स्क्रू सळसळले तर संच कोरा, काही धपकन आदळलं तर समजायचं कुणीतरी आत हात घातलाय. सील मात्र ते कधी तोडत नसत, कुणाला तोडूही देत नसत. "सील तुटलं की संच मेला," असं ते सांगायचे, आणि सांगताना आवाज असा लावायचे की समोरच्याला वाटावं, घरात कुणी गेलंय.

त्यांच्या स्वतःच्या कपाटावर एक खोकं होतं. त्यांचा थोरला भाऊ जहाजावर होता, त्याने पुतणीसाठी ते आणलं होतं. झाकणावर वाळूत उसळी मारणारी लाल गाडी. पोरगी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. ती कात्री घेऊन जमिनीवर बसली, डोळे नुसते लकाकत होते तिचे. भिंगवाल्यांनी सवयीने खोकं उलटं केलं, भिंग लावलं आणि खालचा छापील मजकूर दोनदा वाचला. पहिल्या खेपेचा माल होता तो, नंतर निघालेल्या नकलेतला नव्हे. त्यांनी पोरीच्या हातातली कात्री काढून घेतली.

"मोठी झालीस की उघडू," ते म्हणाले.

पोरगी मोठी झाली. खोकं कपाटावरच राहिलं. ते ओळखीच्यांना वर्षानुवर्षं दाखवलं गेलं. "ही शिवण बघा," भिंगवाले म्हणायचे. "मूळ शिवण आहे. असं काम आता होत नाही." त्यांची बायको तेव्हा चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी असायची. ती औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती, खोक्यांवर प्लॅस्टिक चढवणाऱ्या मशीनवर तिचं आयुष्य गेलं. "तुझं काय, गुंडाळायचं आणि सोडायचं," असं भिंगवाले तिला म्हणत. ती कप ठेवून आत जात असे.

मुलगी लिफ्ट दुरुस्त करणारी मेकॅनिक झाली. हिला हे कुठून सुचलं, असं ते चारचौघांत म्हणायचे, त्यात कौतुक कमी आणि तक्रार जास्त. ती लवकरच वेगळी राहायला लागली. भांडण असं कधी झालं नाही. झालं असतं तर बरं, मिटवायला काहीतरी सापडलं असतं. ती फोन करायची, तब्येत विचारायची, ठेवायची. आई गेल्यावर तर तेही आखडलं.

मग काचबिंदूने डोळे धरले. कडेकडेचं सगळं गेलं आणि मध्ये नाण्याएवढं गोल उरलं. डॉक्टर म्हणाले, हेही जाईल, हिवाळ्यापर्यंतच टिकेल असं धरून चाला. एकटं राहणं आता शक्य नव्हतं. मुलीने वृद्धाश्रमात खोली ठरवली आणि घर आवरायला आली. बाकीचे संच व्यापारी घेऊन गेला. लाल गाडीच्या खोक्याला मात्र भिंगवाल्यांनी हात लावू दिला नाही. त्यांच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती: नजर आहे तोवर पोरीला ते खोकं उघडताना बघायचं, तिचे ते डोळे पुन्हा एकदा बघायचे. आपण काढून घेतलेलं आपल्या हाताने परत द्यायचं. त्यानंतर अंधार झाला तरी चालेल, असं त्यांना खरंच वाटत होतं.

रिकाम्या होत चाललेल्या खोलीत ते खोकं मांडीवर घेऊन बसले.

"ये इकडे. कात्री आण."

मुलगी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिने वर पाहिलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. "राहू द्या, बाबा."

"मी म्हणालो होतो ना, मोठी झालीस की."

"आता काय करायचंय त्याचं. राहू द्या."

"उघड. माझ्यासमोर उघड."

ती आली. पुढे गुडघ्यावर बसली आणि एका झटक्यात प्लॅस्टिक कापलं. भिंगवाले तो नाण्याएवढा उजेड तिच्या तोंडावर धरून बसले होते. ते तोंड थकलेलं होतं, बाकी त्यावर काही नव्हतं. झाकण निघालं. त्यांनी आत हात घातला. वर स्क्रूची एक पिशवी होती आणि तिच्याखाली मऊ कापड, जुना उशीचा अभ्रा. अभ्र्यात जोडलेला सांगाडा आणि चार सुटी चाकं. त्यांचा अंगठा एका चाकावरून फिरला आणि थांबला. रबराचे काटे एका अंगाला साफ झिजून गेले होते.

"घासलंय," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "दादाने वापरलेला माल माझ्या गळ्यात मारला. सख्ख्या भावाने. आणि मी इतकी वर्षं लोकांना..."

"काकांनी नाही."

"मग कुणी?"

"आम्ही. मी आणि आईने."

ती सांगत गेली, तशीच बसून. दर रविवारी सकाळी ते बाजारात दुसऱ्यांची खोकी तपासायला जायचे. त्यांची पाठ वळली की आई कपाटावरून खोकं काढायची. रिमोट काकांनी वेगळा दिला होता, तो तिच्या साड्यांखाली असायचा. मायलेकींनी गाडी जोडली, इमारतीमागच्या मोकळ्या जागेत पळवली, मोडली, दुरुस्त केली. मग चाकं उतरवून सगळं परत आत. प्लॅस्टिक आई कंपनीतून आणायची. इस्त्रीने शिवण घालायची, केस वाळवायच्या मशीनने ताणून बसवायची. ते परतायच्या आत खोकं जागेवर.

"आवाज," भिंगवाले म्हणाले. "मी हलवून बघायचो."

"म्हणून गाडी अभ्र्यात आणि स्क्रू वर. तुम्हीच सगळ्यांना सांगायचात ना, काय वाजलं की काय समजायचं. आई चहा देताना ऐकायची."

ती शिवण. असं काम आता होत नाही. ते बायकोसमोर उभे राहून तिच्याच हाताची तारीफ करत होते, आणि तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. त्यांना राग यायला हवा होता. राग आलाच नाही, नुसती लाज वाटली, आणि लाजेहून वाईट असं एकटेपण. आपल्या घरात एक सुखाचं घर होतं, आणि आपण बाहेर जायची वाट बघून ते उघडायचं.

"मला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

मुलीने कात्री बाजूला ठेवली. "आईला एकदा वाटलं होतं. मीच नको म्हणाले. तुम्ही येऊन गाडीकडे बघितलं असतं आणि केवढ्याचं नुकसान झालं ते सांगितलं असतं."

खोटं नव्हतं ते. त्यांनी नेमकं तेच सांगितलं असतं. त्यांनी चाक हातात घेतलं, दाबलं. वयाने रबर कडक झालं होतं. त्याचा एक तुकडा सुटून मांडीवर पडला. गाडी आता पळणार नव्हती, कुणी जोडली तरी.

"ती काय करायची?" त्यांनी विचारलं. "तू गाडी चालवताना. आई."

"धावायची. गाडीच्या मागे. चप्पल हातात घेऊन."

चाळीस वर्षांच्या संसारात भिंगवाल्यांनी बायकोला धावताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि ते बघायचा प्रयत्न केला. त्यांना ती ट्रे घेऊन उभी असलेलीच दिसत राहिली. मुलगी उठली, आणि राहिलेली भांडी गुंडाळायला लागली.