अकोसुआच्या फुफूचे पापड

"कुणीतरी कांडतंय," चहाचा कप खाली ठेवत सासूबाई म्हणाल्या. त्सुकुबात, या जपानी गावात आल्यापासून त्यांना ओळखीचा वाटलेला हा पहिलाच आवाज.

शेजारची अकोसुआ सायकल स्टँडमागे फुफू, म्हणजे सुपात बुडवून खायचा मऊ गोळा, कुटत होती. ती घानाची, इथे विद्यापीठात शिकते. तिने आम्हा दोघींना दुपारी जेवायला बोलावलं होतं. या गावात मला आपणहून बोलावणारी ती पहिलीच. (मीही कुणाला बोलावलं नव्हतं. त्यासाठी आधी बोलावं लागतं.)

खाली गेलो. उखळात उकडलेल्या कंदाचा गोळा, शेजारी घामाघूम अकोसुआ. सासूबाईंनी पदर खोचला आणि तिच्या हातातलं मुसळ घेतलं. अकोसुआ खाली बसून दोन घावांच्या मध्ये ओल्या हाताने गोळा उलटवू लागली.

"गावी आई रोज संध्याकाळी कुटते," ती मला इंग्रजीत म्हणाली. "भाऊ उगवतात ते सूप तयार झाल्यावर."

मी भाषांतर केलं.

"आमच्याकडे सूप नसतं," सासूबाई म्हणाल्या. "बाकी तेच. कंद कसला गं हा?"

"कसावा, आई. याचाच साबुदाणा करतात."

एवढीच माहिती मी आपणहून दिली. तीही द्यायला नको होती.

अकोसुआ सूप गरम करायला आत गेली आणि सासूबाई म्हणाल्या, "पोळपाट-लाटणं आण. तेल आण. प्लास्टिकचा कागदही. बिचारीला एकटीला कुठे उरकणार?"

'आई, हे वाळवायचं नसतं,' हे वाक्य मी जिन्यात नीट जुळवलं. (मनात.) मग पोळपाट घेऊन खाली आले. इंग्रजी शाळेत मला आज्ञाधारकपणाचं बक्षीस मिळालं होतं, ते असं उपयोगी पडलं. सासूबाई लाटत होत्या, मी सायकलींच्या सीटांवर कागद पसरत होते.

"ऊन छान आहे," त्या म्हणाल्या. "उपासालाही चालतील."

अकोसुआ सुपाचं पातेलं घेऊन दारात आली. तिने रिकामं उखळ पाहिलं, सायकलींवरच्या चकत्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

"मम्मा काय करतायत?"

"सांग तिला," सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "उद्या उलटायचे, परवा तळायचे."

दोघी माझ्या भाषांतराची वाट पाहत होत्या. माझी इथली एकुलती एक मैत्रीण पातेलं धरून उभी होती. शेवटचा पापडही लाटून झाल्यावर मी सासूबाईंना लग्नानंतरचा पहिला विरोध केला.

"आई, आपण आपलंच जेवण वाळत घातलंय."