लोणच्यातला गहू

मुलीला गहू बंद झाला तेव्हा राहात्यातल्या ओळखीच्या बायका माझी समजूत काढायला आल्या. "आपल्याकडं काय, भाकरीच खातात की. बाजरी आहे, ज्वारी आहे." भाकरी हा त्यातला सोपा भाग होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिला गव्हाचा कणसुद्धा चालणार नाही, त्यानं आतड्याला इजा होते. कण कुठं डोळ्याला दिसतो?

मी दूध संकलन केंद्रावर दुधाची फॅट मोजायचं काम करते. समोरच्यानं कितीही शपथा घेतल्या तरी सॅम्पल तपासल्याशिवाय मी दूध ओतून घेत नाही. घरातही तेच सुरू केलं. हिंगाची डबी पहिल्याच आठवड्यात सापडली. मागं बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं, आणि रोजच्या फोडणीत तोच हिंग. डबी गेली. गल्लीतल्या गिरणीत आधी कुणाचा तरी गहू पडायचा आणि त्याच जात्यावर आमची बाजरी, म्हणून घरघंटी घेतली. विकतचे मसाले गेले, फरसाण गेलं. शेवटी घरात गहू आणायचाच बंद केला. नवऱ्यानं चार दिवस तोंड वाकडं केलं, मग तोही भाकरीला लागला.

तरी पुढच्या तपासणीत काही फरक नाही. नगरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाले, "कुठून तरी गहू पोटात जातोय. शोधा."

परत येताना एसटीत मुलगी खिडकीकडं तोंड करून बसली होती. अकरावीतली पोरगी, अंगानं आठवीतली वाटायची. राहुरी मागं पडल्यावर म्हणाली, "आई, मी उद्यापासून पोळी खाणार. एवढं सगळं सोडून आजारीच राहायचं, तर खाऊन आजारी पडते."

"थोडं थांब. शोधते मी."

"आणि नाही सापडलं तर?"

"सापडेल."

"आणि नाहीच सापडलं तर?"

"तर मग बोलू," मी म्हटलं. ती नुसती धमकी देत नव्हती हे मला माहीत होतं. घरी पोळी नव्हती, पण कॉलेजच्या कँटीनमध्ये होतीच.

घरात बाहेरून तयार होऊन येणारी एकच गोष्ट उरली होती, पुणतांब्याचं लोणचं. माझ्या थोरल्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, तिथं मळ्यात राहतात. वर्षाचं लोणचं त्या घालतात आणि राहात्याला कुणी निघालं की डबा भरून पाठवतात. पोरगी रोज भाकरीशी तेच खायची. मी फोन लावला.

"अक्का, लोणच्यात काय काय घालता?"

"म्हंजे? लोनच्यात घालत्यात त्येच घालते."

"कुठलं पीठबीठ?"

"लोनच्यात पीठ? डोकं ठिकान्यावर हाय का तुजं? तू म्हनलीस हिंग नको, हिंग सोडला. घरचे म्हनत्यात लोनच्याला वास न्हाई, त्ये बी ऐकून घेतलं. आता काय मीठ सोडू?"

"यंदाच्या कैऱ्या कधी घालताय? मी येते."

"ये की. बस उरावर."

ठरल्या दिवशी मुलीला स्कूटीवर मागं बसवलं आणि गेले. दारात जयभीम झाला, पाणी झालं, आणि मी सरळ चुलीपाशी बैठक मारली. कैरीच्या फोडी जुन्या सुती साडीवर पसरल्या होत्या.

"या साडीवर कुरडया वाळवल्या होत्या का?"

"कुरडयाची साडी येगळी हाय. ही पेटीतली काढली, धुतली, मंग टाकली. तुजी भीती काय कमी हाय का आमाला?"

मोहरीची डाळ हातात घेऊन पाहिली. मेथी पाहिली. हळद घरची, तिखट घरी कुटलेलं, मीठ खड्याचं. तेलाचं पाकीट उलटंसुलटं करून वाचलं. परात भाकरीची, गव्हाची नव्हे. अक्का एकेक वस्तू माझ्यापुढं आणून आपटत होत्या.

"ह्ये बग. ह्ये बी बग. माजे हात बी हुंगती का?"

"दाखवा," मी म्हटलं, तशी मुलगी फिस्सकन हसली.

काही निघालं नाही. लोणचं कालवून झालं, मोठ्या चिनी मातीच्या बरणीत भरून झालं. अक्कांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद स्पष्ट दिसत होता. मी मात्र तेलाचं पाकीट परत वाचायला घेतलं. परत जाताना पोरीला काय सांगायचं?

तेवढ्यात अक्का उठल्या, शेल्फावरचा दुसरा डबा काढला, ताटलीत पीठ घेऊन पाणी घातलं आणि मळायला लागल्या. मला वाटलं स्वयंपाकाला लागल्या. त्यांनी त्या गोळ्याची लांब वळी केली, बरणीच्या काठावर गोल फिरवून बसवली आणि वरून झाकण दाबलं.

"अक्का, हे काय?"

"काय म्हंजे? लेप. मुंग्या शिरत्यात न्हाईतर. आमच्या म्हायेरी, पारनेरकडं समदी असंच करत्यात."

"कशाचा लेप?"

"कनकीचा. आता माती लावू का?"

"अहो, कणीक गव्हाची!"

"मंग? त्यी काय मी लोनच्यात घातली का? वर हाय की त्यी. भायेर."

"बरणी उघडताना काय करता?"

अक्कांनी सुरी उचलून दाखवायला सुरुवात केली. "असं खरडायचं, झाकन काढायचं, लोनचं घ्यायचं, मंग परत नवा..." आणि त्यांचा हात थांबला. वाळलेली कणीक खरडली की कुठं पडते हे सांगायची गरज उरली नाही. आमचा डबा भरताना दर वेळी लेप फुटायचा, दर वेळी नवा बसायचा.

"एवढंसं?" मुलगी म्हणाली. तिनं काठावरच्या वळीला बोट लावलं नाही, नुसती वाकून पाहत राहिली. "मोठी आई, मी वर्षभर तुझी कणीक खात होते?"

अक्कांनी पदर तोंडाला लावला. "म्हंजे म्याच घालत हुते व्हय पोरीला?"

"अक्का, ते नंतर. फोडी किती उरल्यात?"

"हायेत पाटीभर."

"मग हात धुवा. साबणानं, नखांत सुद्धा. ही बरणी तुमची, पोरीची वेगळी."

"आन मुंग्या?"

"ताटात पाणी ओता, मधोमध बरणी ठेवा."

"पानी आटलं म्हंजे?"

"परत ओता."

"तू येनार का वतायला?" असं म्हणत त्या उठल्या आणि मोरीत जाऊन बराच वेळ हात घासत बसल्या. दुसऱ्यांदा मसाला कालवला तेव्हा पिठाचा डबा त्यांनी स्वतःच उचलून बाहेर पडवीत नेला. फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी मी घरून धुऊन आणली होती. ती भरली, उरलेलं पोरीच्या वेगळ्या बरणीत ठेवलं, लेपाशिवाय. घरी आल्यावर जुन्या डब्यातलं लोणचं मुलीनं स्वतःच्या हातानं खड्ड्यात ओतलं. चांगलं अर्ध्या डब्याच्या वर होतं.

नंतरच्या तपासणीत रक्तातला आजाराचा आकडा खाली आला. पूर्ण जागेवर नाही, पण चांगलाच खाली. डॉक्टर म्हणाले, असंच चालू द्या. मी अक्कांना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं," आणि लगेच कामाचं निमित्त करून फोन ठेवला.

रात्री जेवायला बसल्यावर मी मुलीला विचारलं, "मग पोळीचं काय ठरलं?"

"जन्मभर नाही खायची?"

"जन्मभर."

तिनं भाकरी मोडली. मग ताट माझ्याकडं सरकवलं.

"फोडी मोठ्या बघून वाढ."